कप्तानाचं जेवण

तात्यापारा, रायपूर
९ जानेवारी २००१

ती. मंदाताईस, गंगाधरचा शि. सा. न. वि. वि.

नवी विज्ञान कादंबरी आजच रजिस्टर पोस्टानं पाठवली. चौदा वर्षं यानात एकटा असलेला कप्तान, एवढीच गोष्ट. शास्त्र मी तपासलं आहे, घरगुती चुका नेहमीसारख्या तू काढ. प्रकाशक घाई करून राहिला. रायपूर राजधानी झालं तेव्हापासून लाल दिव्याच्या गाड्यांमुळे रस्ता ओलांडणं मुश्कील झालंय. लेक पियुष बंगलोरला मजेत आहे. फोनवर मी मराठीत विचारतो, पोट्टा हिंदीत उत्तर देतो. माझी प्रकृती ठणठणीत.

भाऊजींना नमस्कार. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा गंगाधर


वर्धा
२२ जानेवारी २००१

चि. गंगाधर यास अनेक आशीर्वाद.

कादंबरी दोनदा वाचली. काय रे, ग्रहांची अंतरं बरोबर मोजतोस, पण तुझा कप्तान दोनशे पानांत एकदाही जेवत काहून नाही? सकाळी गोळी, संध्याकाळी गोळी! तुझ्या आधीच्या पुस्तकांत मंगळावरही झुणका शिजायचा. कांदा किती घालायचा ते तुझी सुनेत्रा ओट्यापाशी उभी राहून तुले सांगायची. ती गेल्यावरचं हे पहिलंच पुस्तक, म्हणून विचारते. घरात गॅस पेटतो का? मले इथं चैन पडत नाही. कप्तानाला एकदा पोटभर जेवू घाल, मगच पुस्तक छापायला दे. आणि माझ्याशी खोटं बोलू नकोस.

आशीर्वाद आहेतच, पण आधी उत्तर पाठव.

मंदाताई


रायपूर
६ फेब्रुवारी २००१

ती. मंदाताईस सा. न.

तुझं पत्र वाचून आधी रागच आला. लांबच्या प्रवासात शिधा नेता येत नाही, असं चार पानी उत्तर लिहिलं, मग फाडलं. खालच्या दुकानातला दयाराम रोज जेवलो का विचारतो. मी हव म्हणतो, वर येतो आणि चहात बिस्किटं बुडवतो. सुनेत्राला जाऊन दहा महिने झाले, पण ताई, एकट्यानं घास गिळवत नाही मले.

तू म्हणालीस म्हणून काल कप्तानाला जेवायला बसवलं. भात शिजवला, वरण केलं. लिहिता लिहिता ताटं दोन वाढली गेली. यानात तर दुसरं कोणीच नाही. एक ताट खोडायला पेन उचललं आणि परत ठेवून दिलं. वही तशीच उघडी पडून आहे.

कादंबरी राहू दे. तू जेवायला ये.

तुझा गंगाधर