काळ्या दाण्यांची चटणी

हैदराबाद, १२ मार्च १९७४

तीर्थरूप आईस, लेकीचा वाकून नमस्कार.

मी बरी हाय. प्रयोगशाळेत माझ्याकडं बदकाची पिल्लं हायत. त्यास्नी आम्ही बुरशी धरलेले शेंगदाणे चारतो. आधी खाणं टाकत्यात, मग मरत्यात. लिव्हर पार नासलेलं निघतं.

आण्णास्नी जेवण जातंय का? डोळं अजून पिवळं दिसत्यात का?

आई, चांगले दाणे बाजाराला आणि काळे, बुरसलेले घरच्या चटणीला, ही आपली रीत सोड. भाजून, लसूण घालून ते विष जात न्हाय. म्हशीलाबी घालू नकोस, जाळून टाक. पोरगी शिकून माजली म्हण हवं तर.

कोडोलीहून तू पाठवलेली पिशवी काल उघडली. सगळे दाणे टपोरे, एकबी काळा न्हाय. पिशवी तशीच परत बांधून ठेवली. माझ्यासाठी निवडताना बाजूला काढलेले काळे दाणे कुणाच्या ताटात गेले गं?

तुझी,
शालन