उरल्यात उरलेला ठोका

तात्यापारा, रायपूर
सोमवार

प्रिय प्रशिक यास,
मीनलचा सप्रेम जय भीम.

पत्र पाहून दचकू नको, कोणी गेलं नाही. चोवीस वर्षांनी कोणाचं पत्र आलं की तीच शंका पहिले येते, म्हणून आधीच सांगून टाकते. पत्ता तुझ्या बहिणीनं, रूपालीनं दिला (भाजीबाजारात भेटली, मले ओळखून न ओळखल्यासारखं करून राहिली होती, मुळ्याच्या ढिगाआड गाठलं). गोंदियाला रेल्वेत तुझं बरं चाललं असं समजलं. तब्येत कशी आहे? बीपी, शुगर, आपल्या वयाला जे शोभते ते आलं का? माझे गुडघे बोलतात, यांचं घोरणं वाढलं, आणि पोट्टी श्रावणी एकोणीस वर्षांची झाली. मी तिच्याशी मराठीत बोलते, ती मले हिंदीत उत्तर देते, आणि दोघींनाही वाटते आपणच जिंकलो.

तर हे सारं त्या पोट्टीपासूनच सुरू झालं. माळा झाडता झाडता तिला आपल्या ‘बिनपगारी’ बँडची पहिली (आणि शेवटचीच) कॅसेट सापडली. ‘पहिली पाळी’. आपल्याला कारखान्यातली म्हणायची होती, विजयामामीला भलतीच वाटली, आणि तिनं तीन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं, आठवते? रायपूरनं तर चोवीस वर्षं टाकलं. उरलेल्या कॅसेटींची फीत काढून दत्तोपंतमामानं गच्चीवर कबुतरं पळवायला बांधली होती. मामाला नावं ठेवत नाही मी. तो उरल्याच्या लोखंडाच्या मिलमध्ये सुपरवायझर होता म्हणून तर सुट्टीच्या दिवशी रेकॉर्डिंगला ती शेड आपल्याला मिळाली. आणि खरं सांगायचं तर कबुतरं पळाली.

श्रावणीनं कॅसेट कोणाकडून तरी कॉम्प्युटरवर उतरवून आणली, कानाला डबडी लावून ऐकत बसली आणि थोड्या वेळानं माझ्याकडे पाहून म्हणाली, “मम्मी, नीचे ये क्या बज रहा है?”

मी ऐकलं. तिसरं गाणं. माझा आवाज (देवा, किती ओरडत होती रे मी), इंद्रजीतची गिटार, तुझे ड्रम, आणि त्या साऱ्यांच्या खाली एक ठोका. जड. दर चार मात्रांनी एक, जसं तापलेलं लोखंड कोणी वरून सोडून द्यावं. मी म्हटलं, ट्रक असंल. पण सुट्टीच्या दिवशी नेमका चौथ्या मात्रेवर जाणारा ट्रक उरल्यात अजून पैदा व्हायचा आहे. मिल म्हणशील तर मिल बंद होती. मामानं स्वतः मेन स्विच पाडला होता, फक्त ऑफिसची लाईन चालू होती. दोन गाण्यांच्या मधात घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती आपल्याला.

आणि तुझा ड्रम बरोबर त्या ठोक्यावर बसते, प्रशिक. एकदाही इकडेतिकडे नाही. श्रावणी म्हणाली, “ड्रमर अंकल ही तो अकेले सही हैं. आप और गिटारवाले अंकल भाग रहे हो.”

त्या दिवशी मी गाण्याचे कागद फेकून तुझ्यावर ओरडली होती, “काहून मागं राहून राहिला?” आणि तू म्हटलं होतं, “मी मागं नाही. मी त्याच्यासंगं आहे,” आणि बोट जमिनीकडे केलं होतं. इंद्रजीत इतका हसला की गिटारची तार तुटली. (तो आता पुण्यात विमा विकते. मी फोन केला तर दहा मिनिटं माझ्या मरणाबद्दलच बोलला.)

काल दुपारी श्रावणीला घेऊन उरल्याला गेली. ऊन असं की भूतही सावली पाहून बसंल. शेड उभी आहे, आत काही नाही. मशीनच्या खड्ड्यात सिमेंट भरलं आहे. चौकीदार बीरगावचा, गोदू नावाचा म्हातारा. त्याला विचारलं, इथं कधी ठोका ऐकू येतो का? तो तंबाखू मळत म्हणाला, “हव दीदी. मसीन त कबके कबाड़ म चल दिस. आवाज ला कोन उठाही?” मशीन भंगारात गेली, आवाज कोण उचलून नेणार! आमच्या ऑफिसातसुद्धा इतकं सरळ उत्तर कोणी देत नाही.

मी मोबाईलवर तिसरं गाणं लावलं. काही नाही. धूळ, ऊन, आणि सत्तेचाळीस वर्षांची एक बाई रिकाम्या शेडमध्ये हातात मोबाईल धरून उभी. श्रावणी तोंड फिरवून हसून राहिली होती. मग मोबाईल बंद केला आणि स्वतःच गायला लागली. काहून, ते विचारू नको.

दुसऱ्या ओळीला तो आला. कानात नाही, तळपायात. चपलेतून वर, गुडघ्यापर्यंत. मी घाबरून पळाली, म्हणजे गाण्यात पळाली, सवयीप्रमाणे. तो पळाला नाही. आपल्या जागी पडत राहिला. मग मीच थांबली, त्याची वाट पाहिली आणि त्याच्यासंगं चालली. आयुष्यात पहिल्यांदा मी तालात गायली रे. इतकं सोपं असते हे तू सांगितलं काहून नाही? (सांगितलं होतं.)

गाणं संपलं. तो थांबला नाही. एक, दोन, तीन, आणि पाय. पुन्हा. जसं कोणी दार उघडं धरून उभं राहावं. गोदू उठला, तंबाखू थुंकला आणि हळूच म्हणाला, “अब जावव दीदी.” आम्ही निघालो. बीरगाव आलं तशी श्रावणी गाडीत चक्क मराठीत म्हणाली, “आई, तू आता बोटं वाजवू नको.” मी स्टिअरिंगवर बोटं वाजवत होती. मले पत्ताच नव्हता.

आज नवा रायपूरला ऑफिसात पत्रांवर शिक्के मारत होती, तर शेजारची पिंकी मॅडम दुसऱ्या टेबलावर जाऊन बसली. म्हणे, तुमचे शिक्के ऐकून छातीत धडधडते. चौथा शिक्का म्हणे फार जोरात पडते.

असो. घरी सर्वांना माझा नमस्कार सांग, लहानांना आशीर्वाद. तुझ्याकडची खुशाली कळव.

तुझी,
मीनल

ता. क. इतकं लिहिलं आणि जे लिहायला बसली ते राहिलंच. पहिल्या कार्यक्रमात स्टेजवरून मी म्हटलं होतं, “आमचा ड्रमर अजून उरल्यातच उरला आहे.” लोक हसले, तू काड्या ठेवल्या आणि निघून गेला. ते तुले माहीत आहे. एक माहीत नाही. कॅसेट तयार होताना तुझ्या ड्रमचा आवाज मी सांगून कमी करवला होता. साऱ्या गाण्यांत. सारे म्हणत राहिले की या बँडला ड्रमरच नाही, आणि मी हो म्हणत राहिली. चुकली मी. भुताच्या आडून माफी मागणं सोपं जाते, म्हणून एवढं लांबवलं.

ता. क. २. श्रावणीनं शेडमधलं माझं गाणं मोबाईलवर रेकॉर्ड केलं होतं. आत्ता ऐकलं. माझा आवाज आहे, गोदूचं खोकणं आहे, पत्र्यावरची कबुतरं आहेत. ठोका एकही नाही. पण मी जागोजागी थांबते, कोणासाठी तरी, आणि मग पुढं जाते. ती फाईल रूपालीकडून तुझ्या मोबाईलवर पाठवते. एकटा असशील तेव्हा लाव, टेबलावर हात ठेव, आणि जिथं जागा रिकामी वाटंल तिथं मार. मग दोन शब्द कळव. ठोका बरोबर बसला का, की मी याही वेळी पळाली.