आधी निकाल, मग खेळ

तीर्थरूप बाबा,
ब्रिस्टलहून तुमच्या कस्तुरीचा वाकून नमस्कार.

आधीच सांगते, मी जिंकले! हार्ट अटॅकनंतर डॉक्टरांनी तुम्हाला लाइव्ह गोल्फ बघायला बंदी केली आहे ना, म्हणून निकाल पहिल्या ओळीतच. आता निवांत वाचा.

प्रो झाल्यापासूनचं हे तिसरं विजेतेपद, पण ब्रिटनमधलं पहिलंच! शेवटच्या होलवर मी एका शॉटने पुढे होते आणि माझा बॉल बंकरमध्ये, वाळूत पार रुतून बसला. माझी बॅग सांभाळणारी कॅडी मेगन म्हणाली, "नुसता बाहेर काढ. बरोबरी झाली तर प्लेऑफ खेळू."

मी म्हटलं, "नाही, इथेच संपवते."

सगळा जोर लावून मारला. डोळ्यांत वाळू, काही दिसेना. मग लोकांचा आरडाओरडा ऐकू आला. बॉल होलपासून हातभर अंतरावर होता! मग छोटासा पट, होलकडे हलकेच ढकलला, आणि गेला बाबा, आत गेला!

मनगट जरा सुजलंय. फिजिओ रोज बघते, काळजी नको.

तुम्ही गोळ्या वेळेवर घेता ना? आईला विचारलं की ती नुसतं "बरे आहेत" म्हणते आणि विषय बदलते. खरं काय ते तुम्हीच कळवा.

आणि मोठी बातमी राहिलीच. या विजयामुळे पुढच्या सीझनसाठी पात्रता फेरी खेळावी लागणार नाही, म्हणजे अख्खा डिसेंबर मोकळा. मी घरी येतेय! डॉक्टर हो म्हणाले, तर सकाळी आपण देवळालीच्या कोर्सवर जाऊ. लांबचे शॉट मी मारीन, पट तुम्ही मारायचा.

तुमची लाडकी,
कस्तुरी