कुर्र कोण करणार?

गुरु. ६ मार्च
ईरा आज बाळाला घेऊन घरी आली. मी लगेच बारशाचा विषय काढला. "आई प्लीज, नॉट नाऊ. माझे टाके दुखतायत." मग केव्हा? सोमवारी तुंडेच्या आईकडे त्यांच्या पद्धतीने नाव ठेवणार. आपलं त्यानंतर शनिवारी, माझ्याकडे. मला वाटत होतं, जावई नायजेरियाचा, योरूबा ख्रिश्चन, एक प्रार्थना होईल नि सुटू. कसलं काय!

शनि. ८
तुंडेला फोन. समारंभ कसा असतो तुमच्यात? "डिपेंड्स, मम्मी. कोण चालवतंय त्यावर." आई पांढऱ्या झग्यांच्या चर्चची, प्रार्थनेला अनवाणी. बहीण केमी कीबोर्ड-माइकवाल्या चर्चची. तिच्या मते अनवाणी वगैरे थोतांड. काका इफावाले, म्हणजे जुन्या योरूबा देवांचे. कोलाचं फळ फोडून कौल घेणार. आणि ही सगळी एका टेबलावर जेवतात. डोकं धरून बसले.

सोम. १०
लाल पैठणी नेसून गेले. घोडचूक. विहीणबाईंच्या पंथात लाल वर्ज्य! त्यांनी सरळ माझ्या खांद्यावर पांढरी चादर टाकली. दुपारभर पेशंटसारखी बसले.
बाळाच्या ओठाला मध लावला, मीठ लावलं. भरून आलं मला. मग काकांनी कोला काढला नि केमी बाळाला उचलून थेट किचनमध्ये. "नॉट ओव्हर धिस चाइल्ड!" पुढचं भांडण योरूबात. केक तसाच राहिला.
गाडीत बसल्यावर लक्षात आलं. आपल्याकडे कानात नाव आत्या सांगते. आणि आत्या एकच, केमी.

बुध. १२
केमीला फोन केला. पाळण्यावर वाकायचं, कुर्र करायचं, नाव सांगायचं, बस. "मूर्ती असेल तिथे? मंत्र?" देव्हारा आहे म्हटलं. "दार लावून घ्याल, आंटी?" माझ्या घरात माझ्या गणपतीला कोंडू? संताप झाला नुसता. "आय विल प्रे ऑन इट," म्हणाली.
ईरा म्हणते, माझी फ्रेंड करेल, सेम थिंग. सेम कसं? मैत्रीण काय, आज आहे उद्या नाही. पोरीला आत्या हवी. ही आत्ताच तुटली तर…

शुक्र. १४
देव्हाऱ्याचं दार लावून बघितलं. परत उघडलं. हे म्हणाले, काय चाललंय? काही नाही.

शनि. १५
केमी आली! देव्हारा उघडाच. त्याच्याकडे पाठ करून पाळण्यावर वाकली. कुर्र नाहीच. नुसते ओठ हलतायत, संपेचना. बायकांनी रीतीप्रमाणे पाठीत धपाटे घातले, माझा जरा जोरातच बसला. तरी ही वाकलेलीच.
कुठलं नाव सांगितलंस गं?
"दॅट्स बिट्वीन मी अँड हर, आंटी."
दोनदा विचारलं. हसते फक्त. आणि पोरीला विचारावं, तर तिला अजून बोलता कुठे येतंय.