ताटाला लावलेलं बोट

३ मे

आले बाई एकदाची! सांबास शहराहून साडेपाच तास, त्यातले दोन नुसते चिखलातून. कंबरेचा पार भुगा झाला. पण दारातून समुद्र दिसला आणि शीण कुठल्या कुठे गेला.

केबलचं केंद्र म्हणजे किनाऱ्यावर पत्र्याच्या छपराची एक खोली. एक टेबल, एक लोखंडी कपाट, कोपऱ्यात माझी चटई, आणि जमिनीतून वर आलेलं मनगटाएवढं केबलचं टोक. दुसरं टोक तीन किलोमीटरवर, डोंगरावर. तिथे माझा सहकारी बसलाय, बांग हेरकानी; बांग म्हणजे दादा. आम्हा दोघांत बोलायला तारेचा फोन आहे. गावात मोबाइलला रेंज नाही. ती यावी म्हणून तर मला केबल जोडायला आणलंय.

जेवण माक उसूकडून. सगळं गाव तिला धाकटी मावशीच म्हणतं, वय असेल सत्तर. दोन ताटं घेऊन आली. दुसरं कुणाचं विचारलं तर म्हणाली, सबरानचं. माझ्या आधीचा कामगार तो, केबलच्या बारापैकी चार रिबनी जोडून पळाला असं ऑफिसात सांगितलं होतं. तसं मी म्हटलं, तर म्हणते, पळाला तर चपला ठेवून कसा गेला? दाराशी खरंच एक जोड आहे. मी म्हटलं, तुझं तिखट खाऊन अनवाणीच सुटला असेल मावशी. पोट धरून हसली म्हातारी.

चौदा तारखेला काम संपेल. त्याच दिवशी आई माझ्या वर्दाला घेऊन येणार. सहा वर्षांची आहे, तिला वाळूतले कासवांचे माग बघायचेत. संध्याकाळी मी आधीच बघून ठेवले. खूप आहेत.

४ मे

आज पाचवी रिबन. बारा फायबर एकमेकांना चिकटून चपट्या फितीसारखे येतात. वरचं रंगीत आवरण गरम चिमट्याने ओढून काढायचं, स्पिरिटने पुसायचं, बाराही टोकं एका फटक्यात छाटायची, आणि मशीनमध्ये समोरच्या बारांशी वितळवून जोडायची. हात थरथरला की मेलं सगळं पहिल्यापासून. माझा नाही थरथरत.

छाटलेले तुकडे काळ्या चिकटपट्टीवर घेऊन मोजायचे, बाराच्या बारा भरले पाहिजेत, हा माझ्या उस्तादांचा नियम. केसाहून बारीक काच ती. बोटात गेली तर दिसत नाही, पोटात गेली तर... उस्ताद तिथेच थांबायचे. म्हणून कामाच्या टेबलावर खायचं नाही.

आज छाटणी आटपते तोच माक उसूने नेमकं टेबलावरच ताट ठेवलं. मी म्हटलं नको, आत्ता नाही. तिचा चेहराच उतरला. तिचंही बरोबर होतं. समोर आलेलं अन्न तसंच टाकलं तर कम्पुनान लागतो; साप चावतो, होडी उलटते. खायचं नसेल तर निदान ताटाला बोट लावून ओठाला लावायचं. हे तर मी वर्दाला ती बोलायला लागायच्या आधी शिकवलंय. म्हणून लावलं बोट, चाटलं, म्हातारी खूश.

मग तुकडे मोजले. अकरा.

टेबल, चटई, ओढणी, सगळं बॅटरी लावून पाहिलं. अकराच.

६ मे

सहावी आणि सातवी झाली. दोन्ही वेळा अकरा तुकडे. आता मी ताटाजवळसुद्धा जात नाही, बाहेर पायरीवर बसून चमच्याने जेवते. तरी अकरा.

बांग हेरकानी मात्र फोनवर नाचतोय. जोडात उजेडाची तूट शून्य येतेय. म्हणाला, वीस वर्षांत शून्य पाहिलं नाही, तुला काय हात दिलेत गं देवाने! शून्य नसतंच कधी. शून्य फक्त सबरानच्या चार रिबनींना आलं होतं, असंही तोच म्हणाला.

उजव्या हाताची तर्जनी बधिर झालीय. चिमटा काढला तरी कळत नाही.

९ मे

आज तपासणी होती. हेरकानीकडे लाल लेझरची कांडी आहे. ती एका टोकाला लावली की फायबर जिथे तुटलेलं असेल तिथून लाल उजेड बाहेर फुटतो. मी दार लावून अंधार केला. केबलमध्ये कुठेच लाल दिसलं नाही. चांगलं झालं म्हणून फोन उचलायला गेले.

माझं बोट लाल होतं.

आतून. नखाखालून. कातडीला धक्का नाही, रक्त नाही, नुसता उजेड. हेरकानीला म्हटलं कांडी बंद कर. बोट विझलं. लाव म्हटलं. पेटलं. मी केबलपासून चार हात लांब उभी होते, कशालाही जोडलेली नव्हते.

त्याला सांगितलं तर म्हणाला, ऊन लागलं असेल, नारळपाणी पी. मी त्याला नाही नाही ते बोलले. मग खूप रडले.

१० मे

आरशात तोंड उघडून पाहिलं. घशात लाल ठिपका आहे. आज कांडी बाहेरच काढली नाही, असं हेरकानी शपथेवर सांगतोय.

काम बंद. मी एकही रिबन सोललेली नाही. तरी चिकटपट्टीवर आज सकाळी अकरा तुकडे होते.

११ मे

पिशवी भरली आणि निघाले. गेलं खड्ड्यात काम. गावाबाहेर ओढ्यावरच्या पुलापर्यंत गेले आणि घशात ओढ बसली. कापडातला धागा ओढल्यावर सगळं कापड गोळा होतं ना, तसं आतून. एक पाऊल पुढे टाकलं आणि डोळ्यांपुढे काळोख. मागे फिरले की सैल होतं.

तीनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा रांगत परत आले. माक उसूने पाहिलं. म्हणाली, सबरानही त्या पुलावरूनच परत फिरायचा.

हे मला पहिल्या दिवशी का नाही सांगितलंस गं, मावशी?

१२ मे

वर्दाला येऊ द्यायचं नाही. माझं काय व्हायचं ते होवो. या खोलीत तिचं पाऊल पडता कामा नये.

डोंगरावर मोबाइल लागतो. फोनवरून हेरकानीच्या पाया पडले, आईला निरोप दे, येऊ नका. दिला म्हणाला. मग म्हणाला, पण तू अशी गुणगुणत का बोलतेस? मी गुणगुणत नव्हते. त्याला ते फोनमधून नाही, केबलच्या टोकातून ऐकू येतंय. म्हणतो, दोघं आहेत. एक बाई आणि एक पुरुष.

सबरानच्या ताटातल्या भातात बोटाचा खळगा आहे. रोज असतो. आज नीट पाहिला.

१३ मे

हेरकानी म्हणतो आईचा फोन बंद आहे. निरोप पोचलेला नाही. काल दिला म्हणाला ते माझी समजूत काढायला. गाढव! गाढव! तू खाली ये, रस्त्यावर उभा राहा, गाडी अडव. येतो म्हणाला.

माक उसूला सांगून ठेवलंय, उद्या या खोलीत ताट आणायचं नाही. मान हलवली तिने.

आता दहाही बोटं. पेन धरलंय हे फक्त डोळ्यांना कळतं—

१४ मे, सकाळ

टेबल चार वेळा पुसलं. हातांना फडकी गुंडाळलीत. बारा रिबनी जोडून तयार आहेत. मी तीनच जोडल्या होत्या. शेवटच्या पाच मी हातातही धरल्या नव्हत्या—

हेरकानी फोन उचलत नाही. निघाला असेल. निघाला असू दे.

दुपार

गाडी वाजली. हेरकानी नाही, आईच. वर्दा धावत—मी दार आतून धरलं, हातांना जोरच नाही, तिने ढकललं आणि आत—

जवळ घेतलं नाही मी तिला. पोर हिरमुसली.

माक उसू मागून दोन ताटं घेऊन. पाहुणी पोर उपाशी कशी ठेवायची, म्हणे. टेबलावर ठेवली. मी किंचाळले, खाऊ नकोस वर्दा, काही काही खाऊ नकोस—

शहाणी माझी. नाही खाल्लं. मी शिकवलंय तसं, सबरानच्या ताटाला बोट लावलं आणि ओठाला—

आई म्हणतेय चल, कासवाचे माग बघू. वर्दा निघाली. पायरीपर्यंत गेली. थांबली. गळ्याला हात लावून माझ्याकडे बघतेय. आई, टोचतंय, म्हणते. ये म्हणून माझी आई तिचा हात ओढतेय, नको ओढू, आई, नको ओढू तिला—

परत आली. माझ्या मांडीशी बसलीय. गुणगुणतेय. तोंड उघडलं की लाल—

दाराशी सबरानच्या चपला, माझ्या, आणि त्यांना लागून तिच्या छोट्या पिवळ्या, तिनेच नीट जुळवून ठेव—