खालचं बटण

मेसईद, कतार
शुक्रवार, २४ जून २००५

ती. सौ. आईस,

कोमलचा शिरसाष्टांग नमस्कार. पत्र वाचून दाखवणाऱ्या शहाजीमामालाही नमस्कार. आम्ही दोघं बरे आहोत. यांची खतकारखान्यात आता दुपारची पाळी आहे. ऊन इतकं की नळाला सकाळीच कढत पाणी येतं. हर्षलला सांग, ताईच्या गिझरला सुट्टी लागली.

आई, जुलैमध्ये मी येत नाहीये. तिकीट रद्द केलं. रागावण्याआधी कारण ऐक.

मी दोह्यात आपल्या हर्षलसारख्या, सावकाश शिकणाऱ्या मुलांना शिकवते, त्या केंद्रात वसईच्या हिल्डा मिस आहेत. त्यांची एक वही आहे. प्रत्येक मुलाला जूनमध्ये काय येत होतं आणि उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर त्यातलं काय उरलं, ते त्या लिहितात. नऊ वर्षांची रुकैया गेल्या जूनमध्ये सगळी बटणं स्वतः लावायची. दोन महिने गावी राहून आली, तर बोटं नुसती सदऱ्यावर फिरत राहिली. पूर्वीसारखं जमायला डिसेंबर उजाडला.

म्हणून यंदा मिस ती वही घेऊन केंद्राच्या मालकांकडे गेल्या. मी सोबत होते. सुट्टीतही वर्ग चालू ठेवा म्हणाल्या.

"मॅडम, पन्नास डिग्रीत कोण येणार?"

"सर, बटणं उन्हात नाही, खोलीत लावायची असतात."

मालक हसले. मिस खुर्चीतून उठल्याच नाहीत. शेवटी दोन खोल्या मिळाल्या. सहा मुलं, रोज तीन तास. अट एकच, दुसरी शिक्षिका मिसनी स्वतः शोधायची.

मिसच्या लेकीला, फियोनाला, ऑगस्टमध्ये बाळ होणार आहे. तरी त्या थांबल्यात. मी विचारलं, तर म्हणाल्या, "तिला नवरा आहे, सासू आहे, अख्खी वसई आहे. रुकैया यंदा गावी जात नाहीये, तिला जुलैत कोण आहे गं?" माझ्याकडे त्यांनी काहीच मागितलं नाही. मीच हो म्हटलं. इतकं मोठं माणूस मी जवळून पहिल्यांदाच पाहतेय.

आणखी एक आहे. मामा, आता जरा हळू वाच.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत मी हर्षलला खालची तीन बटणं लावायला शिकवलं होतं. आबांनी पेढे आणले होते. मग मी संगमनेरला होस्टेलवर गेले. दिवाळीत आले तर तो विसरलेला. दोन दिवस बसले आणि चिडून तुला म्हणाले, "याच्या डोक्यात काही राहत नाही. डोक्यातून घालायचे, बिनबटणाचे सदरे शिव त्याला." घरातली पहिली शिकलेली पोर बोलली, म्हणून तू ऐकलंस. सात वर्षं तो तेच घालतोय.

त्याच्या डोक्यात राहत होतं, आई. मधले पाच महिने त्याच्याजवळ कुणी बसलं नव्हतं. रोज त्याच्याकडून करून घे, असं तुला सांगून जायला हवं होतं, ते मी सांगितलं नाही. चूक माझी होती, ती मी त्याच्या माथी मारली.

इथले निवृत्तीभाऊ गावी येतायत. त्यांच्याजवळ एक सदरा देते. त्याला मोठी बटणं मी शिवलीत. मिसची रीत सांगते. वरची सगळी तू लाव. अगदी खालचं बटण अर्धं काजात सरकवून ठेव आणि उरलेलं त्याला ओढू दे. शेवट त्याच्या हातानं झाला पाहिजे. जमलं की तो कशा टाळ्या पिटतो, आठवतं ना? ते एक पक्कं झालं की मग वरचं दुसरं. रोज अंघोळीनंतर पाच मिनिटं. सणालाही, पाहुणे आले तरीही.

मिससारखी वही ठेवायला अक्षर यावं लागत नाही. ज्या दिवशी जमेल, त्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरला कुंकवाचं बोट लाव. महिना संपला तरी पान फाडू नकोस. मी येईन तेव्हा आधी ती पानं वाचीन, मग चहा पिईन.

त्याला मध्येच सोडून गेलेली,
तुझी कोमल