घर दाखवायला मला का नेत होतात

आप्पा, तुमचा धंदा आता क्लासात शिकवतात. भिंतीवर पडदा, डोक्यावर पंखे, प्यायला थंड पाणी आणि पुढं टाय लावलेला एक माणूस. तुम्ही बडोद्याच्या दांडिया बाजारात टोपी घालून उभे राहायचात आणि लोक तुम्हाला दलाल म्हणायचे, तेही तोंडावर. आता तसं म्हणायचं नाही. सरकारनं नवा कायदा केलाय, घर विकून देणाऱ्यानं आधी नाव नोंदवायचं, मगच कमिशनला हात लावायचा. आणि नोंदणीच्या आधी हा क्लास करावाच लागतो, असं क्लासवाला म्हणतो. सरकार तसं म्हणतं की नाही, ते मला अजून कुणी दाखवलेलं नाही. माझी नात बी.कॉम. होऊन घरी बसली होती, तिनं नाव घातलं. सयाजीगंजात, एका नाश्त्याच्या दुकानाच्या माडीवर. मी म्हटलं, मी पण येते. पोरीला शिकवायला बसलेत की बुडवायला, ते मला बघायचं होतं. ती म्हणाली, आजी, तिथं सगळे हसतील. म्हटलं, हसू देत, दात आहेत तोवर हसून घेऊ देत.

मागच्या बाकावर बसले आणि चौथी पास बाईला कळेल तेवढं ऐकलं. खोटं कशाला बोलू, शिकवणं वाईट नव्हतं. घराच्या आतली जागा किती आणि जिना, लिफ्ट धरून फुगवून सांगतात ती किती, ते वेगवेगळं सांगायचं. बिल्डरनं कागदावर न दिलेली बाग आपण तोंडानं द्यायची नाही. गिऱ्हाईकाला फसवलं तर दंड. मी रोज वाट बघायचे की ह्यात मेख कुठं आहे. मेख शेवटच्या दिवशी निघाली. परीक्षा झाली, सर्टिफिकेटं वाटून झाली, चहा आला, तेव्हा टायवाल्यानं टाय सैल केला आणि म्हणाला, आता पुस्तकात नाही ते सांगतो. रिकामं घर कुणाला आवडत नाही. साइटवर जाताना घरातलं एखादं पोर बरोबर न्या, नाहीतर म्हातारं माणूस. पोर खोलीत खेळायला लागलं की बघायला आलेली बाई मनातल्या मनात भांडी लावायला लागते. सगळे हसले. माझ्या नातीनं ते लिहून घेतलं. माझा चहा हातात तसाच राहिला.

कारण आप्पा, तुम्ही मला न्यायचात. आम्ही पाच भावंडं, पण घर दाखवायला निघालात की हाक मला. आई वेण्यांना रिबिनी बांधायची, तुम्ही माझ्या फ्रॉकच्या खिशात सागरगोटे घालायचात. घर आलं की तुम्ही खिडक्या उघडता आणि म्हणता, खेळ तू इथं. मी फरशीवर फतकल मारते, गोटे उडवते, तुम्ही माणसांना मोरी, माळा, खुंट्या दाखवत फिरता, आणि मधूनच कुणीतरी बाई माझ्यापाशी येऊन हसते. परतताना कागदाच्या पुडीत लीला चिवडा, तो बटाट्याचा ओलसर. फक्त मला. तुम्ही त्यातला बेदाणासुद्धा उचलायचा नाहीत. पुढं सासरी नको ते दिवस आले, तेव्हा मी मनाशी म्हणायचे की आपणही कुणाची तरी लाडकी होतो. तेवढ्यावर मी पुष्कळ काढलं. आणि आता हा माणूस चहात बिस्कीट बुडवत सांगतो की ती युक्ती आहे. सागरगोटे मी तुमच्याकडे कधी मागितले नव्हते, हे मला त्या बाकावर बसल्या बसल्या आठवलं.

घरी येऊन मी पाणीगेटला तुम्ही दाखवलेलं घर आठवून बघितलं, पोलीस जुनी केस काढतात तसं. त्या दिवशी सौदा जवळजवळ ठरला होता. बाईनं वाकून मला विचारलं, "आवडलं का गं घर?" मी म्हटलं, "मोरीचा वास येतो." बाईनं पदर नाकाला लावला आणि घर हातचं गेलं. वास येत होता, आप्पा, तुम्हालाही येत होता. रस्त्यात तुम्ही म्हणालात, "ही जीभ तुला एक दिवस उपाशी ठेवील." आणि तरी चिवड्याच्या दुकानापाशी थांबलात, पुडी घेतलीत, माझ्या हातात दिलीत. हे तुमच्या बाजूनं झालं. पण पुढच्या खेपेला रिबिनी धाकटीच्या वेण्यांना बांधल्या गेल्या, आणि सागरगोटेही तिच्याच खिशात गेले. मला पुन्हा कधी नेलं नाहीत. तू मोठी झालीस म्हणून, असं आई म्हणाली. आई तुमचं कधी वाईट बोललीच नाही, तिची साक्ष काय धरायची.

नातीची नोंदणी झाली आणि तिला माझा पुळका आला. "आजी, रविवारी चल ना माझ्याबरोबर साइटवर. छान हवा असते. येताना सेव-उसळ खाऊ." आजवर हिनं मला हवा खायला कधी नेलं नव्हतं. मी विचारलं, "पोर म्हणून नेतेस की म्हातारं माणूस म्हणून?" तिचे कान लाल झाले. मी गेले. गावाबाहेरची नवी स्कीम, दाखवायला सजवलेला एक फ्लॅट. टेबलावर प्लास्टिकची फळं, टीव्हीच्या जागी पुठ्ठा. झोपाळा तेवढा खरा होता आणि मला त्यावर बसवलं. बडोद्यात झोपाळ्यावर म्हातारी दिसली की घर भरल्यासारखं वाटतं, हे मला कुणी शिकवायला नको. गुजराती नवरा-बायको आले, ती पोटुशी. नात सगळं नीट सांगत होती, आतली जागा, बाहेरची जागा. कान देऊन ऐकलं, एक अक्षर खोटं नव्हतं. मग ती बाई माझ्यापाशी आली. "बा, तमे अहीं ज रहो छो?" नात खिडकीशी उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. मी बाईला तिच्याच भाषेत सांगितलं की मी इथं राहत नाही, घर बरं दिसावं म्हणून मला आणून बसवलंय. बाई हसली, घटकाभर माझ्याशेजारी टेकली, कितवा महिना ते सांगितलं. नवरा हसला नाही. विचार करून कळवतो म्हणाला, म्हणजे गेला.

नातीनं गाडीला किक मारली. मी मागं बसून तिच्या मानेकडे बघत होते. सेव-उसळीच्या ठेल्यावरून गाडी सरळ पुढं गेली. मग चौकात वळली आणि परत आली. "तर्री जास्त की कमी?" एवढंच विचारलं. मी जास्त म्हटलं. स्वतःला तिनं घेतली नाही, फोन बघत उभी राहिली.

तुम्ही म्हणाल, मग झालं, कळलं की तुला. काही कळलेलं नाही. पुडी तुम्हीही घेतली होतीत. खरं काय ते पुढच्या खेपेला कळतं. हे पत्र कुठं धाडायचं नाहीये. तुमचा पत्ता नाही, आणि नातीच्या हाती लागलं तर ती माझी समजूत घालायला बसेल. पिठाच्या डब्याखाली अंथरून टाकीन. आज शुक्रवार. रविवारचं ती अजून काही बोललेली नाही आणि मी विचारणार नाही. पण अबोली साडी सकाळीच इस्त्रीला देऊन आलेय.